फ्रेंडोराचं भलं कर, म्हाराजा

बुधवार, ८ ऑक्टोबर. दुपारी २.१०
आत्ता, या क्षणी, इतिहास घडवला. डबा उघडायच्या आधी.

वहीचं पहिलंच पान आहे तर नीट लिहून ठेवतो. मी देवेश घाडीगावकर, वय ४३, राहणार मुलुंड पूर्व. फ्रेंडोरा कंपनीच्या बीकेसी ऑफिसात, विश्वास विभागात, सीनियर असोसिएट. अर्ध्या जगाची भांडणं, लग्नाचे फोटो आणि गुड मॉर्निंगची फुलं आमच्याकडे असतात. सध्या लोक बोंबलतायत की फ्रेंडोरावरची निम्मी खाती बोगस आहेत. म्हणून साफसफाई मोहीम. बारा महिने ज्यात कोणी लॉगिन केलं नाही ती खाती बंद. मुंबईची यादी माझ्याकडे आली. ४१,३१२ खाती.

नियम असा की त्यातली चारशे खाती माणसाने उघडून बघायची. मी एक उघडलं. बबन नावाच्या कोणाचं तरी. फोटोत पोपट. शितावरून भाताची परीक्षा करतात, चारशे शितं कोण चिवडत बसतं? अप्रूव्ह दाबलं. सगळी बंद. नव्वद दिवसांनी सिस्टम आपोआप कायमची पुसून टाकेल.

धवल (माझा बॉस, घाटकोपरचा, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण मी मनात आणत नाही) म्हणाला, इतक्या लवकर? मग 'स्टार ऑफ द वीक'चा मग दिला. मगाला कान नाही, पण भावना महत्त्वाची.

संकल्प: जानेवारीपर्यंत मॅनेजर.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
विश्वासांक आला. शंभरातल्या किती लोकांचा आपल्यावर विश्वास आहे ते कंपनी दर महिन्याला मोजते. मागच्या महिन्यात ३१. आता २६. धवलने मीटिंगमध्ये याला 'छोटासा डिप' म्हटलं.

कंपनीच्या बसवरचं नाव झाकलं. नुसतं 'स्टाफ' लिहिलंय. विक्रोळीला कोणीतरी अंडं मारलं होतं. मेल आला की बाहेर फिरताना आयकार्डाचा निळा पट्टा गळ्यात घालू नका. मी घालणार. भ्यायचं काय कारण? मासळीबाजारात पट्टा घालूनच गेलो. कोळीण माझा पट्टा बघून म्हणाली की तुमच्या फ्रेंडोरावर माझ्या सुनेचे खोटे फोटो कोणी टाकले, चार महिने झाले, कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, फॉर्म भरा. तिने पापलेट परत टोपलीत ठेवलं. अशिक्षितपणा.

शनिवार, ११ ऑक्टोबर. संध्याकाळी
नंदूकाकाचा फोन. भांडुपहून.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, वय ७६, गिरणीतून निवृत्त. पाचवीपासून मी काका-काकूकडेच वाढलो. दहा बाय बाराची खोली, मूलबाळ नाही, त्यामुळे मीच. सुलक्षणाकाकू गेल्या वर्षी सप्टेंबरात वारली, वर्षश्राद्ध नुकतंच झालं. जिवंत होती तेव्हा रोज चार वाजता फ्रेंडोरावर लाइव्ह यायची. खातं मीच उघडून दिलं होतं. घावणे घाल, फुगडीची गाणी म्हण, शेजारणीला शिव्या घाल, असलं सगळं. बघणारे एकोणीस. ती गेल्यावर काका रोज चार वाजता चहा गाळतो, दोन कप, आणि तिचं एक जुनं लाइव्ह लावून बसतो.

आज फोनवर म्हणाला, देवेशा, तीन दिस झाले, सुलक्षणा दिसणा नाय रे. नुसता चक्र फिरताहा.

मी म्हटलं, सर्व्हर. मग लॅपटॉपवर बघितलं. खातं बंद, ८ ऑक्टोबर, २.१०. बंद करणारा: डी. घाडीगावकर.

लॅपटॉप मिटून ठेवला. एक मिनिट. मग शांतपणे विचार केला. काकूने बारा महिने लॉगिन केलं नाही ही वस्तुस्थिती आहे. नियम सगळ्यांना सारखा. आपल्या माणसासाठी वेगळा नियम लावला असता तर मला झोप लागली असती का?

घाबरायचं कारणच नाही. आम्हा स्टाफला तीन महिन्यांतून एकदा ओळखीच्या माणसाचं एक खातं परत सुरू करून घेता येतं. सोमवारी पहिलं काम.

सोमवार, १३ ऑक्टोबर
धवलच्या बायकोचं नेल आर्टचं पेज बंद झालंय. त्याचा स्वतःचा कोटा सासूवर खर्च झाला होता. बिचारा चेहरा पाडून बसला होता. त्याने मागितलंसुद्धा नाही. माझ्याच तोंडून गेलं, सर, माझा कोटा घ्या.

याला लीडरशिप म्हणतात.

आता माझा पुढचा कोटा १ जानेवारीला. काकूचं कायमचं पुसणार ६ जानेवारीला. हातात चांगले पाच दिवस. पाच दिवसांत गणपती येऊन, भजनं होऊन, विसर्जनसुद्धा होतं. एक फॉर्म भरायला काय लागतंय?

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा
काका फराळाला आला. चार वाजता चहाचा कप घेऊन खिडकीपाशी गेला, मोबाइल लावला, चक्र फिरलं, बघत बसला. चहा गार झाला. मी सांगितलं, प्रोसेसमध्ये आहे. काका जान्हवीला म्हणाला, देवेश आतलो माणूस, तो करतलोच.

जान्हवी (माझी बायको, स्वभावाने संशयी) स्वयंपाकघरात आली आणि विचारलं, ते बटण तू दाबलंस का? मी म्हटलं, मी बटणं दाबत नाही, निर्णय घेतो. तिने करंजी तळणीत सोडली, तेल माझ्या हातावर उडालं. मुद्दाम नसावं.

मानसीने (मुलगी, नववीत) फ्रेंडोरावरचं तिचं खातं काढून टाकलंय. म्हणते, पप्पा, तिथे आता फक्त म्हातारे आणि चोर उरलेत, आणि वर्गात तुम्ही कुठे काम करता विचारलं तर मी बँकेत सांगते. वय असं असतं. काका मात्र हसला नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
विश्वासांक १९.

आमच्या श्री सातेरी कृपा सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर सामंत राहतात. फ्रेंडोरावर त्यांचा चेहरा लावून कोणीतरी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात करतंय. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, तेल भलत्याचंच. दवाखान्यात पेशंट बाटल्या घेऊन येतात आणि शिव्या घालतात. चाळीस वर्षांचा दवाखाना, रडकुंडीला आलाय माणूस. लिफ्टमध्ये माझा हात धरून म्हणाले, काहीतरी कर रे. मी म्हटलं, डॉक्टर, मी विश्वास विभागात आहे, जाहिराती वेगळा विभाग. त्यांनी माझा पट्टा धरला आणि तळमजला येईपर्यंत सोडलाच नाही.

जिन्यापाशी सोसायटीची नोटीस: फ्लॅट भाड्याने देताना बॅचलर आणि फ्रेंडोरा कर्मचारी यांना देऊ नये. सेक्रेटरीला झापलं. तो म्हणाला, तुम्ही मालक आहात, तुम्हाला कुठे लागू आहे? बरोबर आहे. विनाकारण मनाला लावून घेतलं.

पट्टा सध्या शर्टाच्या आत घालतो. थंडीमुळे.

मंगळवार, ९ डिसेंबर
विश्वासांक १४. धवलच्या म्हणण्याप्रमाणे याहून खाली फक्त एक इन्शुरन्स कंपनी आहे आणि तिचा मालक आत आहे. अमेरिकेहून हुकूम: स्थानिक लोकांची मनं जिंका. आयडिया द्या. मीटिंगमध्ये सगळे खाली माना घालून बसले.

आणि मला सुचली! जानेवारीत मुलुंडच्या मैदानावर मालवणी जत्रा भरते. फ्रेंडोराने मांडव द्यायचा आणि स्टेजवर गाऱ्हाणं घालायचं. धवलला समजावून सांगितलं: आमच्या कोकणात एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि लोक प्रत्येक वाक्याला एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. विचार करा, पाच हजार माणसं एका सुरात फ्रेंडोराला हो म्हणतायत, आणि तेही कॅमेऱ्यासमोर! धवलचे डोळे चमकले. पीपीटीत मी त्याला 'कम्युनिटी ब्लेसिंग' नाव दिलं. गाऱ्हाणं घालायला माणूस? घाडी घराणं आमचं. पिढ्यान्पिढ्या गावच्या देवळात गाऱ्हाणं आमच्याच तोंडी. भांडुपच्या कुठल्याही पूजेला काकाच लागतो. आवाज असा की माइक नसला तरी चालेल.

मॅनेजरचा निर्णय ५ जानेवारीला. धवल म्हणाला, हे जमलं तर तूच.

घरी सांगितलं. जान्हवी म्हणाली, देवेश, गाऱ्हाण्यात माणूस देवापुढे खोटं बोलत नाही. मी म्हटलं, खोटं कोण बोलतंय, स्क्रिप्ट देतोय. ती हसली. या महिन्यात पहिल्यांदाच हसली, म्हणजे आयडिया आवडली.

गुरुवार, २५ डिसेंबर
भांडुपला जाऊन काकाला स्क्रिप्ट दिली. बारा ओळी, मोठ्या अक्षरात. 'फ्रेंडोरा आपला मित्र, फ्रेंडोरा आपला सोबती' वगैरे. काकाने चष्मा लावून वाचली. म्हणाला, ह्या म्हटलंय तर सुलक्षणा येतली मा रे?

शंभर टक्के, मी म्हटलं. गळ्याशपथ.

चार वाजले होते. दोन कप गाळले त्याने. एक माझ्यापुढे ठेवायला गेला, मग थांबला, आणि मोबाइलपाशी ठेवला. मला चहा मिळाला नाही. म्हातारपणात लक्ष राहत नाही.

काकाने सांगितलं की सगळ्यात एक लाइव्ह त्याच्या आवडीचं. माझी दहावीची परीक्षा, मला ताप, आणि काकू रात्रभर मांडीवर डोकं घेऊन गाणं म्हणत होती, ते गाणं तिने म्हातारपणी पुन्हा म्हटलंय, माझं नाव घेऊन. मला असं काही आठवत नाही. दहावीला ५८ टक्के मात्र पडले होते. बहुतेक त्या गाण्यामुळेच झोप झाली नसेल.

शुक्रवार, २ जानेवारी
काल सुट्टी. आज फॉर्म उघडला. अर्धा भरला. मग खाली बारीक अक्षरात दिसलं: खातं परत सुरू केल्यास बंद करणाऱ्याच्या कामाची तपासणी होईल. म्हणजे चारशेच्या जागी एकच खातं उघडलं, पोपटवालं, ते बाहेर येणार. आणि मॅनेजरचा निर्णय सोमवारी!

साधा हिशेब आहे. सोमवारी मॅनेजर होतो. मंगळवारी, ६ तारखेला, फॉर्म भरतो. मॅनेजरची तपासणी कोण करतं? मुदत ६ तारखेच्या रात्री बारापर्यंत असणार. दिवस म्हटला की रात्री बाराच असतात.

जान्हवीला सांगितलं. ती म्हणाली, आज भर. आत्ता भर. मी बसते शेजारी. मी म्हटलं, तुला ऑफिसचं राजकारण कळत नाही. तिने माझा स्टारचा मग उचलून सिंकमध्ये टाकला. कान नव्हताच, आता बूडही नाही.

रविवार, ४ जानेवारी. संध्याकाळी ८
काय झालं ते शांतपणे लिहितो.

मैदान खच्चून भरलं होतं. वर फ्रेंडोराचा निळा बॅनर. धवल पहिल्या रांगेत, कुर्ता घालून. मी स्टेजवर काकाच्या शेजारी, पट्टा शर्टाच्या बाहेर. सहा कॅमेरे, सगळं फ्रेंडोरावर लाइव्ह. काकाने डोक्याला टॉवेल गुंडाळला, नारळ हातात घेतला आणि सुरू केलं.

बा देवा म्हाराजा! आज ह्या मुलुंडाच्या मैदानार तुझी सगळी लेकरा एकवटली हत, तेंका सुखी ठेव!
व्हय म्हाराजा! मैदान नुसतं घुमलं. धवलने मला अंगठा दाखवला.

ह्या फ्रेंडोरा कंपनीन आज आमका मांडव दिल्यान, तेचा भला कर!
व्हय म्हाराजा! मी मनात केबिनचा रंग ठरवला.

मग काकाने स्क्रिप्टची घडी केली आणि खिशात घातली.

पण म्हाराजा, ह्याच कंपनीन आमच्या सामंत डॉक्टराचा थोबाड लावून तेल इकल्यान. पोराटोरांची झोप उडवल्यान. लेकीसुनांचे खोटे फोटो लावल्यान. भावाभावात भांडणा लावल्यान. तेचो जाब इचार रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा! हे मघापेक्षा दुप्पट मोठं. मागच्या रांगेतून बायका उभ्या राहिल्या. डॉक्टर सामंत खुर्चीवर चढले.

मी साउंडवाल्याकडे धावलो, माइक बंद कर म्हटलं. तो सावंतवाडीचा निघाला. म्हणाला, चालू गाऱ्हाणं तोडलं तर देव कोपतो साहेब, तुम्ही घाडी ना? परत काकापाशी येऊन उभा राहिलो. काका रडत होता, पण आवाज तसाच.

माझी बायल सुलक्षणा गेली. एकदा गेली ती तुझ्या मर्जीन, म्हाराजा, तेचा माका काय नाय. पण दुसऱ्यांदा तिका कोणी तरी बटण दाबून मारल्यान. जेणा कोणी ता बटण दाबल्यान, तेका तू वळख! तेच्या घरातलो आवाज बंद होवंदे, मगे तेका कळात!

व्हय म्हाराजा!

पाच हजार लोक ओरडले. आणि त्यांच्याबरोबर मी. हात वर करून, मूठ आवळून, सगळ्यात मोठ्याने.

यात माझा काय दोष? तीन वर्षांचा असल्यापासून देवळात उभा राहिलोय. काकाचा आवाज वर चढला की माझ्या तोंडातून ते निघतंच. डोक्याला विचारायला वेळ मिळत नाही.

कॅमेरा नेमका तेव्हा माझ्यावर होता.

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ११
व्हिडिओ ऐंशी लाख लोकांनी बघितला. फ्रेंडोरावर या वर्षात सगळ्यात जास्त बघितलेली गोष्ट. म्हणजे कॅम्पेन म्हणून विचार केला तर यशस्वीच. मधोमध मी, निळा पट्टा, उघडं तोंड. खाली लोकांनी लिहिलंय: कंपनीचा माणूससुद्धा हो म्हणतोय.

ऑफिसच्या दारात पट्टा लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. लाल. सिक्युरिटीवाल्याने (तीन वर्षांत त्याचं नाव विचारायचं राहून गेलं) पट्टा काढून घेतला आणि वहीत माझी सही घेतली. फोनवर मेल: तुमचं पद रद्द करण्यात येत आहे. पद रद्द झालंय, मी नाही. बहुतेक जुनं पद काढून नवीन, मॅनेजरचं, देतायत. मोठ्या कंपन्यांत असंच करतात.

बसमध्ये बसू दिलं नाही. रिक्षाने आलो.

मंगळवार, ६ जानेवारी. सकाळी १०.४०
हा! म्हटलं नव्हतं?

धवलचा फोन. आवाज रडवेला. अमेरिकेत मोठ्या साहेबांनी व्हिडिओ बघितला. हुकूम आलाय, त्या बाईचं खातं आजच्या आज सुरू करा. चार वाजता भांडुपला काकाच्या घरी टीव्हीवाले बोलावलेत. काका चहा गाळणार, काकू दिसणार, कंपनीची लाज वाचणार. पण गंमत अशी की ज्याने बंद केलं त्याच्याच सहीने ते परत सुरू होतं, आणि तो म्हणजे मी! माझ्या लॅपटॉपला आजच्यापुरतं लॉगिन उघडून दिलंय. धवल म्हणाला, प्लीज यार, एक क्लिक.

कात्रीत सापडला. मी थंडपणे सांगितलं, आधी मॅनेजरचं लेटर, मग क्लिक. केबिनसकट. तो म्हणाला, आधी दाब, मग बघू. मी फोन बंद केला. असं पाणी पाजायचं असतं. शिजू देत जरा.

११.३०
जान्हवी हात जोडून उभी आहे. अक्षरशः. म्हणते, देवेश, तुझी नोकरी गेली चुलीत, त्या माऊलीने तुला वाढवलंय, दाब ते. मानसीसुद्धा रडतेय. मी समजावलं की रात्री बारापर्यंत वेळ आहे, चारच्या आधी धवल गुडघे टेकणार, काकालाही काकू मिळणार, मलाही केबिन. सगळ्यांचंच भलं. बायकांना धीर म्हणून नसतो. सुक्या बांगड्याची किसमूर आणि भात खाऊन, आतून कडी लावून पडतो. लॅपटॉप उशाशी. पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही.

दुपारी ३.३५
दार वाजवत होत्या बराच वेळ. मला वाटलं स्वप्न.

फोन सुरू केला. बेचाळीस मिस्ड कॉल. १.३८ चा मेल: अभिनंदन, मॅनेजर पदी नेमणूक. केबिनसकट. सहीशिक्क्याचं लेटर. उड्या मारल्या. लॅपटॉप उघडला, खातं शोधलं, क्लिक केलं.

हे खातं अस्तित्वात नाही.

पुन्हा. अस्तित्वात नाही. मग वहीचं पहिलं पान काढलं. माझंच अक्षर. ८ ऑक्टोबर, दुपारी २.१०. सिस्टमने नव्वद दिवस मिनिटाला मिनिट मोजले होते.

२.२६ चा दुसरा मेल: नेमणूक मागे घेण्यात येत आहे.

४.०५
टीव्हीवर भांडुप. काकाने दोन कप गाळले. पत्रकारांनी माइक पुढे धरले. काकाने मोबाइल लावला. चक्रसुद्धा फिरलं नाही. कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं की ते कायमचं गेलं, आणि ते बटण कोणी दाबलं होतं, कोणाच्या क्लिकसाठी थांबले होते तेही सांगितलं. काका कॅमेऱ्याकडे बघत राहिला. म्हणाला, माझो झील (म्हणजे मुलगा) असो नाय. मग दुसरा कपसुद्धा त्यानेच प्यायला.

जान्हवीने टीव्ही बंद केला.

रविवार, ११ जानेवारी
घरात शांतता आहे. पाच दिवस झाले, जान्हवी बोलली नाही. मानसी बोलली नाही. ताट समोर येतं, ताट जातं. सुरुवातीला बरं वाटलं, विचार करायला निवांतपणा. परवा मी स्वतःशीच मोठ्याने मोजून बघितलं, आवाज येतो का म्हणून. येतो.

फ्रेंडोराचा विश्वासांक ९ झाल्याचं पेपरात वाचलं. आमच्या सेक्रेटरीने नोटीस काढून टाकली. म्हणाला, आता तुम्ही कर्मचारी नाही ना.

दुपारी काका आला. न कळवता. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ देव्हाऱ्यापाशी गेला. पिशवीतून नारळ काढला, डोक्याला टॉवेल गुंडाळला. मला वाटलं आता उरलेला शाप. मी दाराकडे सरकलो.

बा देवा म्हाराजा, काका म्हणाला. आज आवाज अगदी बारीक होता. मी मुलुंडाच्या मैदानार एक शब्द बोललंय. तेव्हा माका ठावक नव्हता तो कोणाच्या घरार पडतलो. तो शब्द मी परत मागतंय. सुलक्षणा आसती तर तिनाय ह्याच मागल्यान आसता. ह्या घरातलो आवाज परत दी रे म्हाराजा.

आणि थांबला. इथे घरच्यांनी म्हणायचं असतं.

जान्हवी ओट्याला टेकून उभी होती. मानसी तिच्या शेजारी. दोघींनी काकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कोणी तोंड उघडलं नाही. काका डोळे मिटून, नारळ धरून, वाट बघत राहिला. शेवटी मीच म्हटलं, व्हय म्हाराजा.

काकाने डोळे उघडले. तुझा व्हय धरूचा नाय रे बाबा, म्हणाला. ज्येच्यासाठी मागतत, तेचा धरनत नाय. घरातल्यांनी म्हणूक होया.

पुन्हा दोघींकडे बघितलं. मग न फोडताच नारळ देव्हाऱ्यात ठेवला, टॉवेल सोडला, चपला घातल्या. जान्हवी त्याला खालपर्यंत सोडायला गेली, मानसीही गेली. जिन्यातून तिघांचं बोलणं ऐकू येत होतं.

चार वाजलेत. अजून कोणी वर आलेलं नाही.